तुम्ही विचारलंत म्हणून: हे असलं खायला मिळतं तरी कुठे?

सहलीचे फोटो दाखवायला बसलं की प्रश्न ठरलेला. धबधबे, ढग, झाडांच्या मुळांचे पूल भराभर पुढे सरकतात आणि अळ्यांच्या वाटीवर कुणाचं तरी बोट थांबतं. "अगं बाई, हे तू खाल्लंस?" हा पहिला. तो ओसरला की खरा प्रश्न येतो, "पण असलं शोधतेस कुठे? आम्हीही गेलो होतो की शिलाँगला, आम्हाला काही दिसलं नाही." आणि जाताजाता, "पोट नाही का गं बिघडत?" तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

दिसलं नाही, यात नवल नाही. आपल्याकडची सहल गुवाहाटीला उतरते, गाडीत बसते, नाँगपोला चहाला थांबते आणि थेट शिलाँगच्या हॉटेलवर पोचते. रात्री बुफेत पनीर, पिवळी डाळ, जिरा राइस. काही टूरवाले तर आचारीच बरोबर नेतात; काझीरंगाला गेंडा बघून आलात की गरम थालीपीठ तयार. मी थट्टा करत नाहीये. सासूबाईंना घेऊन जायचं झालं तर मीही तशीच टूर घेईन. पण मग तिथलं जेवण तुमच्या ताटापर्यंत यायला वाट उरत नाही.

दुसऱ्या टोकाला धाडसी मंडळी असतात. ती घरूनच 'जगातले विचित्र पदार्थ' वाचून निघतात आणि बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावर काडीला टोचलेला विंचू चावून येतात. त्या गाड्यांवर नुसता फोटो काढायचे वेगळे पैसे मागणाऱ्या पाट्या असतात, यावरून काय ते ओळखा. विकत घेणारा प्रत्येक जण परदेशी, तोही मित्राच्या पैजेवर. किडे थायलंडमध्ये खातात, खरोखर खातात. ईशान्येकडच्या इसान भागात लाल मुंग्यांची अंडी हा उन्हाळ्यातला आवडीचा पदार्थ आहे. पण तिथे त्याची पाटी लावलेली नसते, बाजारात भाजीशेजारी पानावर ठेवलेली असतात.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. हा पदार्थ तिथला माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या भुकेसाठी खातो का? खात असेल तर मी खाणार. फक्त मला बघून तळायला घेतला असेल तर राहू दे.

शिलाँगमध्ये ही कसोटी लावायची जागा म्हणजे इयूदुह, ज्याला सगळे बडा बाजार म्हणतात. उतारावर वसलेला, बोळाला बोळ फुटलेला जुना बाजार. पाठीवर टोपली, तिचा पट्टा कपाळावर, असे हमाल जोरात हाकारे देत पायऱ्या उतरत असतात. बाजूला झाला नाहीत तर धक्का नक्की. विकणाऱ्या बहुतेक बायका. सुक्या मासळीचे ढीग, बांबूचे कोंब, तमालपत्रांच्या जुड्या, विड्याची पानं, आणि जैंतिया डोंगरातली लाकाडाँग हळद. तिच्यात कुरकुमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, सात टक्क्यांच्याही वर असतं, त्यामुळे रंग असा की सांगलीच्या माणसानेही वळून बघावं.

बाजारात गेल्यावर मी आधी काही खात नाही. अर्धा तास हिंडते आणि जे ओळखू येत नाही त्याच्यासमोर थांबते. थोडं विकत घेतलं की विचारता येतं, "हे घरी कसं करता?" काही घेतलंच नाही तर धंद्याच्या वेळेला कुणी तुमच्याशी गप्पा का मारत बसेल? बाईला 'काँग' म्हणायचं, आपल्या ताईसारखं. हिंदी मोडकीतोडकी चालते, हातवारे त्याहून चांगले चालतात. दुसरा प्रश्न, "आणि शिजवलेलं कुठे मिळेल?" यावर बाई बहुतेक हात करून मागची गल्ली दाखवते.

त्या गल्लीत जाडोहची दुकानं. दोन-तीन बाकडी, ओळीने मांडलेली झाकणाची पातेली आणि पलीकडे काँग. मेनूकार्ड नाही. झाकण उघडून दाखवतात, तुम्ही बोट दाखवायचं. जाडोह म्हणजे डुकराच्या मांसाबरोबर, त्याच्याच चरबीत आलं-कांदा-हळद घालून शिजवलेला भात. काही ठिकाणी तो रक्त घालून करतात, मग रंग काळपट तपकिरी येतो. मी दोन्ही खाल्लेत. रक्ताचा मला जास्त आवडला. चव उग्र असेल अशी धास्ती होती, प्रत्यक्षात तो नुसता अधिक भरदार लागतो. त्याबरोबर दोह खलिएह, म्हणजे उकडलेल्या डोक्याच्या मांसाचे बारीक तुकडे, कधी त्यात भेजाही, वर कच्चा कांदा, आलं आणि हिरवी मिरची. कोल्हापुरात मुंडी खाणाऱ्याला यात दचकण्यासारखं काही नाही. दोह नेइयाँग मात्र तिथेच खावं. डुकराचं मांस काळ्या तिळाच्या वाटणात, रस्सा जवळजवळ काळा. दिसायला अजिबात मोहक नाही आणि मेघालयात मी खाल्लेल्या सगळ्यात ते पहिल्या नंबरवर.

एक गोष्ट बसण्याआधी विचारून घ्या, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना ती महत्त्वाची असते. एकाच दुकानात डुक्कर आणि गाय दोन्ही असू शकतं. दोह स्निआंग म्हणजे डुकराचं, दोह मासी गाईचं, दोह सिआर कोंबडीचं आणि दोहखा म्हणजे मासे. सरळ विचारायचं. त्यात कुणाला राग येत नाही. तोंडात घातल्यावर विचारून किंचाळलात तर येईल, आणि यायलाच हवा.

"म्हणजे शाकाहाऱ्यांनी घरी बसायचं का?" हे आमच्या ह्यांचं पालुपद. हे कडक शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मला विचाराल तर मेघालयात माझ्यापेक्षा जास्त धाडस यांच्याच वाट्याला आलं. जामिरदोह नावाची एक पालेभाजी आहे. हृदयाच्या आकाराची हिरवी पानं, दिसायला गरीब. कोशिंबिरीत घालतात, चटणी करतात. तोंडात घातली की थेट कच्च्या माशाचा वास. शंभर टक्के वनस्पती, पण ह्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि तरी घास गिळताना चेहरा असा, की शेजारच्या बाकावरचे दोन शाळकरी मुलगे हसायला लागले. त्यावर उतारा म्हणून काँगने क्वाय पुढे केलं. सुपारी, पान, चुना; जेवण झाल्यावर, पाहुणा आल्यावर, बोलणं सुरू करताना खासी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, तेच देतात. ह्यांना वाटलं, चला, विडा तर आपल्या ओळखीचा. पण ती सुपारी ओली आणि जहाल असते. दोन मिनिटांत कान लाल, कपाळावर घाम, थंडीत स्वेटर काढून हातात. सवय नसेल तर अर्धाच तुकडा घ्या, आणि उभ्याने खाऊ नका.

थंडीत गेलात तर सोहफलांग शोधा. बोटभर लांबीचे पांढरट कंद, सालं काढून कच्चेच खायचे, बरोबर नेइलिएह नावाच्या बियांचं वाटण. कुरकुरीत, किंचित गोडसर. हे मात्र ह्यांनी पावशेर संपवले.

कोहिमाची गोष्ट वेगळी. नागालँडला जायला इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा प्रवेश परवाना, लागतं, ते आधी ऑनलाइन काढून ठेवा. विमान किंवा रेल्वे दिमापूरपर्यंत, पुढे डोंगरातला रस्ता. १ ते १० डिसेंबरला कोहिमाजवळच्या किसामा इथे हॉर्नबिल महोत्सव असतो आणि तिथे निरनिराळ्या नागा जमातींच्या मोरुंगांतून, म्हणजे त्यांच्या पारंपरिक सामुदायिक घरांतून, जेवण मिळतं. ज्यांना थोडक्या वेळात बरंच चाखायचंय त्यांच्यासाठी ते सोयीचं. मला मात्र कोहिमातला रोजचा बाजार, माओ मार्केटच, बरा वाटतो. वाट्यांत वळवळणाऱ्या एरी रेशमाच्या अळ्या, पोळ्यासकट मांडलेली गांधीलमाश्यांची पिल्लं, गोगलगायी, आणि त्यांच्या शेजारीच पालक नि राई. "बिचारे काय काय खातात" असं कुणी म्हणालं की मी त्यांना गांधीलमाश्यांच्या पिल्लांचा भाव विचारायला सांगते. गरिबीचं खाणं म्हणावं तर ते एवढं महाग नसतं.

एरीचा किडा एरंडाच्या पानांवर वाढवतात. आसाम-नागालँडमध्ये सूत कोशातून आणि जेवण कोशाच्या आतल्या किड्यातून, दोन्ही एकाच घरात निघतं. तळल्यावर वरून कुरकुरीत, आत मऊ. फोटोत तुम्ही ज्या वाटीवर बोट ठेवता ती हीच. मला ते ठीक वाटलं, जीव टाकावा असं काही नाही. जीव टाकावा तो आखुनी घातलेल्या डुकराच्या मांसावर. सोयाबीन उकडून, पानात बांधून, चुलीजवळ काही दिवस आंबवतात, ती आखुनी. वास लपून राहत नाही; सुके बोंबील भाजल्यावर जसा सगळ्या मजल्याला पत्ता लागतो, तसाच. हॉटेलात ती बेताबेतानेच घालतात. म्हणून कोहिमात होमस्टेमध्ये राहावं आणि आदल्या रात्री सांगून ठेवावं, "उद्या तुम्ही जे खाल तेच आम्हाला." माझ्या मते सगळ्यात उपयोगी वाक्य हेच.

सोबत राजा मिरचीची चटणी येईल. हिचीच आसामी बहीण भूत जोलोकिया, जिची २००७ साली गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंद झाली होती. भाताच्या घासाला काडीने लावायची. ठसका लागला तर पाणी पिऊ नका, आणखी भात खा.

आता पोटाचं. मी सकाळी किंवा दुपारच्या सुरुवातीला खाते, जेव्हा पातेलं नुकतंच उतरलेलं असतं. ताटात वाफ दिसली पाहिजे. डुक्कर पूर्ण शिजलेलंच. दोह खलिएह थंडच वाढतात, म्हणून ते सकाळीच. दुपार कलल्यावर त्याच्या वाटेला जात नाही. एका दिवशी एकच नवी गोष्ट, म्हणजे बिनसलं तर कशाने ते कळतं. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी किडे खाऊच नयेत, त्यांची प्रथिनं सारखी असल्यामुळे तीच ॲलर्जी उसळू शकते. रानातली अळंबी कुणी कितीही प्रेमाने दिली तरी मी नाही म्हणते. ती खाऊन माणसं दगावल्याच्या बातम्या ईशान्येतून दर पावसाळ्याच्या तोंडावर येतात.

आणि रानटी प्राणी नाही. माओ मार्केटमध्ये जिवंत बेडूकही असतात, मी पुढे जाते. गोव्यात पावसाळ्यात 'जंपिंग चिकन' म्हणून हळूच कानाशी सांगितलं जातं तेही बेडूकच, आणि तिथे ते पकडायला कायद्याने बंदी आहे. जे कुजबुजून विकावं लागतं ते माझ्या कसोटीत बसतच नाही.

इतक्या लांब जायचं नसेल तर आपलं गडचिरोली आहे. भामरागडकडचे माडिया आदिवासी लाल मुंग्यांची चटणी करतात. सीमेपलीकडे बस्तरच्या आठवडी बाजारात तीच चापडा म्हणून पानाच्या द्रोणात मिळते. मुंग्यांतल्या फॉर्मिक ॲसिडमुळे आंबट, मिरची-मिठाबरोबर वाटलेली. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच 'काई' चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बाजाराचा वार मात्र आधी विचारून निघा, नाहीतर रिकामं मैदान बघून परत यावं लागेल.

आणि ज्यांना टूरबरोबरच जायचंय त्यांच्यासाठी. शिलाँगमध्ये टूर मॅनेजर पोलीस बाजारात 'शॉपिंगसाठी' मोकळं सोडतो, साधारण संध्याकाळी. तिथून बडा बाजार चालत जाण्याएवढा जवळ आहे, पण संध्याकाळी जाडोहची पातेली घासायला गेलेली असतात. तेव्हा ती वेळ सकाळची मागून घ्या, आणि रविवार सोडून. रविवारी सगळे चर्चला असतात, बाजार बंद.