उडीची वही, नोंद ११ : सूर्याने सात फेन्स खाल्ल्या

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की उडीची वही (उड्यांच्या रेसमध्ये कुठला घोडा प्रत्येक उडीला किती लेंग्थ, म्हणजे घोड्याच्या लांबीएवढं अंतर, कमावतो की गमावतो याची नोंद) आता मार्गी लागली, यापुढे फक्त रकाने भरायचे. ते शब्द गिळतो. शनिवारी सूर्याने सात फेन्स (घोडे उडी मारतात ती कुंपणं) खाल्ल्या आणि त्यांच्याबरोबर माझा हिशेबही.

ब्रिस्टलहून तासाभरावरचा लहान ट्रॅक, सात रेसचं कार्ड. सकाळपासून आभाळ गोधडी पांघरून बसलेलं, ग्राउंड सॉफ्ट, म्हणजे आपल्या आवडीचा दिवस. नावं नेहमीप्रमाणे झाकलेली. (नव्याने आलेल्यांसाठी एकदाच सांगतो: कार्ड आलं की कन्या घोड्यांच्या नावांवर चिठ्ठ्या चिकटवते आणि दिवाळीपासून त्यांना फराळाची नावं देते. ट्रेनरचं नाव दिसलं की माझं मन आधीच वळतं, त्यावर हा उतारा. एकदा दिलेलं नाव त्या घोड्याला कायमचं.)

पाचवी रेस तीन मैलांची हँडिकॅप चेस, म्हणजे फेन्सची रेस, आणि जितका घोडा चांगला तितकं पाठीवर वजन जास्त. १८ फेन्स, नऊ घोडे. माझी निवड चकली. घोडा आहे तो, पण चकली म्हटल्यावर मी 'ती'च लिहिणार. वहीप्रमाणे मागच्या चार रेसमध्ये तिने फेन्समागे सरासरी पाव लेंग्थ कमावलेली. १८ फेन्समध्ये साडेचार लेंग्थ फुकटात. उलट कडबोळं. ते प्रत्येक फेन्सला आधी विचारात पडतं, मग एक आखूड पाऊल जास्त टाकतं, मग पोट घासत पलीकडे जातं. फेन्समागे एक तृतीयांश लेंग्थ तोटा, म्हणजे १८ला सहा. दोघांत साडेदहा लेंग्थचं अंतर. कागदावर रेस संपलेलीच होती.

चौथी रेस संपली आणि ढगांची कड उचलली गेली. मी रेलिंगपाशी उभा होतो. हातातलं कार्ड कपाळावर आडवं धरलं तरी शेवटची फेन्स दिसेना, नुसती चकाकी. मला दिसत नाही तर ताशी तीस मैलांनी येणाऱ्या घोड्याला काय दिसणार? थोड्या वेळात लाउडस्पीकरवर घोषणा झाली: लो सन (खाली उतरलेला सूर्य), होम स्ट्रेटमधल्या, म्हणजे विनिंग पोस्टआधीच्या सरळ पट्ट्यातल्या, तिन्ही फेन्स वगळणार. दोन फेऱ्यांच्या सहा आणि सुरुवातीला लागणारी एक, मिळून सात. अठराच्या अकरा राहिल्या. शिवाय शेवटची उडी आता मागच्या बाजूला, आणि तिथून विनिंग पोस्टपर्यंत जवळपास अर्धा मैल नुसतं पळणं.

कडबोळ्याला आयुष्यात एवढं सुख कधी मिळालं नसेल. चकली मागच्या बाजूला देखणी उडाली, वळणावर दोन लेंग्थ पुढे होती. होम स्ट्रेटला लागल्यावर कडबोळं तिच्या शेजारून असं गेलं की डेक्कन क्वीन पॅसेंजरला मागे टाकते. सहा लेंग्थने जिंकलं. भाव ९/१. माझे दोन पौंड चकलीवर.

घरी येताना ट्रेनमध्ये पहिलं समाधान करून घेतलं की हा निव्वळ सूर्याचा घोटाळा. पण वही उघडली तर गणित बसेना. अकरा फेन्सचा हिशेब केला तरी चकली सहा लेंग्थने पुढे यायला हवी होती. ती सहाने मागे. बारा लेंग्थचं भोक. एवढं भोक सूर्याच्या नावावर ढकलता येत नाही.

रविवार त्यातच गेला. रीप्ले तीनदा पाहिला, प्रत्येक फेन्सच्या दोन ढांगा आधी आणि दोन ढांगा नंतर थांबवून. नोंदी बरोबर होत्या. मग ग्राउंडवर संशय घेतला, मग वजनावर, मग ट्रॅकच्या कडेची रेल सरकवल्यामुळे वाढलेल्या अंतरावर. (ज्या सशुल्क डेटासेवेचे मी पैसे भरतो, ती अजूनही जाहीर केलेलंच अंतर छापते, वाढलेले यार्ड धरत नाही. वर्गणी या महिन्यात बंद. आपली पुण्याहून आणलेली लांब वही आणि टोक केलेली पेन्सिल बरी.) कशानेच भोक बुजेना. सोमवारी रात्री भांडी घासताना एकदम लक्षात आलं, आणि ओल्या हातानेच वही घेतली.

कडबोळ्याचा चेसचा मार्क (घोड्याच्या दर्जाचा आकडा, त्यावरून पाठीवरचं वजन पौंडांत ठरतं) ११२. तो देणाऱ्या अधिकाऱ्याने, हँडिकॅपरने, कशावरून दिला? त्याच्या चेसच्या रेस पाहून. त्या रेसमध्ये ते आपटत, अडखळतच पळालेलं. म्हणजे वाईट उडीची सजा मार्कातच धरलेली आहे. आणि मी त्याच्यावर माझ्या वहीतले सहा लेंग्थ पुन्हा वजा करत होतो. एकाच गुन्ह्याला दोनदा दंड! चकलीचं उलट: तिच्या सुंदर उड्यांचं बक्षीस तिच्या मार्कात आधीच चढलेलं, म्हणून तर ती पाठीवर जास्त वजन घेऊन पळत होती. तिला मी वर आणखी साडेचार लेंग्थ बहाल केलेले.

हे सुचल्यावर बाकीचं पटापट जागेवर पडलं. नेहमीच्या फेन्स असतील तर वही मार्काच्या वर काहीच सांगत नाही. ती बोलते फेन्स कमी-जास्त झाल्या तरच. अठरातल्या सात गेल्या, तर कडबोळ्याला सात तृतीयांश म्हणजे सव्वादोनच्या वर लेंग्थ परत मिळाल्या, आणि चकलीच्या पावणेदोन गेल्या. चार लेंग्थ कडबोळ्याच्या बाजूने. जिंकलं सहाने. उरलेल्या दोन म्हणजे ग्राउंड, नशीब आणि जॉकीचा नाश्ता. भोक बुजलं.

लगेच त्याचा हर्डलचा मार्क काढून पाहिला, कारण इथे हर्डल आणि चेसचे मार्क वेगळे असतात हे आपण सगळेच जाणतो आणि सगळेच विसरतो. १२४! चेसपेक्षा १२ पौंड जास्त. हर्डल साडेतीन फुटांचं आणि धक्का लागला तर लवणारं, फेन्स किमान साडेचार फुटांची आणि आपटलं की जाब विचारणारी. त्यामुळे कडबोळ्याचे पाय हर्डलवर शहाणे वाटतात. तीन मैलांना साधारण पौंडाला एक लेंग्थ धरतो आपण, तर फरक बारा लेंग्थचा. वहीत मात्र तोटा सहाचाच. उरलेले सहा कुठे गेले? माझा अंदाज असा की घोडा आपटला की त्याचा दम जातो, आणि तो दम दोन ढांगांत दिसत नाही, मैलभर पुढे दिसतो. वहीत त्याला रकानाच नाही. म्हणून आजपासून नवा रकाना: 'मार्कफरक', हर्डल वजा चेस. ज्याचा आकडा मोठा, तो उन्हाची वाट पाहणारा घोडा.

आता ऊन कधी पडणार हे आधी कसं ओळखायचं? हा भाग माझा नाही, काकांचा. काका पुण्यात असतात, भूमी अभिलेखमधून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले, आणि पुण्याच्या रेसकोर्सवर त्यांनी माझ्या वयाइतकी वर्षं घालवली आहेत. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुंपणाची शर्यत, आणि ऊन लागतं म्हणून कुंपणच काढतात? अरे, मग पावसात पाणी काढून टाका."

मी म्हटलं, "काका, इथे सूर्य वर चढतच नाही हो."

"चढत नाही म्हणजे किती? आकडा सांग."

आकडा काढला तेव्हा मलाच नवल वाटलं. २१ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो. ब्रिस्टलमध्ये १५. म्हणजे इथली भर दुपार ही पुण्याची संध्याकाळ. मावळतो चारच्या सुमाराला, आणि तोही पश्चिमेला नाही, पार नैर्ऋत्येला. काका क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "मग तुला घोड्यांचा फॉर्म कशाला हवा? ट्रॅकचा नकाशा घे, उत्तर दाखव, आणि घोडे नैर्ऋत्येकडे तोंड करून कुठे पळतात तेवढं बघ." वास्तुवाले नैर्ऋत्य जड ठेवायला सांगतात, ते कशासाठी हे मला आजवर कळलं नव्हतं. इथे मात्र ती दिशा माझ्या खिशाला जड गेली.

तर सध्या जेवणाच्या टेबलावर उपग्रह-नकाशांचे प्रिंट, कोनमापक आणि लाल पेन्सिल. नियम असा ठरवलाय: होम स्ट्रेटची दिशा आणि रेसच्या वेळेची सूर्याची दिशा यांत २० अंशांपेक्षा कमी फरक, आणि सूर्य १२ अंशांच्या खाली, तर रेस लाल. लाल रेसमध्ये आकाश निरभ्र असेल तर मार्कफरकवाला घोडा, ढग असतील तर नेहमीची निवड. सहा ट्रॅक झाले. फेन्स वगळायचा निर्णय त्या दिवशी, कधी रेसच्या तोंडावर होतो, त्यामुळे आदल्या रात्रीच भाव घेऊन बसायची माझी सवय सोडावी लागणार. ते जड जाईल.

एक छोटा आनंद सांगायचा राहिला. 'एफ'चा (फॉर्ममध्ये पडलेल्या घोड्यापुढचं अक्षर) रकाना तीन भागांत फोडला होता, आठवतंय? लवकर पडलेला, दमून पडलेला, आणि ऐन जोरात असताना पडलेला. २०२५च्या चॅम्पियन हर्डल या रेसवरून सुचलेली गोष्ट: कॉन्स्टिट्यूशन हिल पडला, मग शेवटच्या हर्डलला पुढे असलेला स्टेट मॅन पडला, आणि २५/१ची गोल्डन एस जिंकली. दोघांच्या फॉर्ममध्ये अक्षर एकच, पण स्टेट मॅनचा 'एफ' हा माझ्या लेखी जवळपास 'एक' आहे. शनिवारी दुसऱ्या रेसमध्ये असाच तिसऱ्या प्रकारचा 'एफ' असलेला शंकरपाळी, १४/१, दहा घोडे. दोन पौंड ईच-वे, म्हणजे दोन जिंकण्यावर आणि दोन प्लेसवर, पहिल्या काहींत येण्यावर. दुसरा आला. प्लेसचे भावाच्या पाचव्या हिश्शाने सात पौंड साठ पेन्स हातात, लावलेले चार वजा जाता तीन पौंड साठ. बायकोला सांगितलं तर म्हणाली, ट्रेनचं तिकीट किती होतं?

आता पुढचा बेत, चेल्टनहॅमचा ट्रायल्स डे, म्हणजे तिथल्या मोठ्या फेस्टिव्हलआधीचा चाचणीचा रेसदिवस. सुरुवातीला ठरवलं होतं की तिथेही आधी कोनमापकच लावायचा. जानेवारीअखेर तिथे सूर्य भर दुपारी १९ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे धोका थोडा कमी. पण हे लिहितालिहिताच ध्यानात आलं की तिथे सूर्याची गरजच नाही! ट्रायल्स डे न्यू कोर्स नावाच्या तिथल्या ट्रॅकवर होतो, आणि न्यू कोर्सवर हर्डलच्या रेसमध्ये शेवटच्या सहाएक फर्लांगांत (पाऊण मैलात) दोनच हर्डल. म्हणजे ट्रॅक बांधणाऱ्यांनीच उड्या काढून ठेवल्यात, वर शेवटी चढ. मग हर्डलच्या रेसमध्ये मी शेवटच्या मैलातल्या उड्यांना जे वजन देत आलो ते तिथे निम्मं करायला हवं, आणि चढावर न थकणाऱ्याला दुप्पट.

पेस्ली पार्क हा घोडा आठवा. २०२२च्या ट्रायल्स डेला, क्लीव्ह हर्डलमध्ये, स्टार्टची टेप उडाली तेव्हा हा उलटा फिरला, बाकीचे निघून गेले, पंधराएक लेंग्थ तिथेच गेल्या. तरी चढावर चॅम्प नावाच्या घोड्याला गाठून जिंकला. मालक अँड्र्यू गेमेल जन्मापासून दृष्टिहीन. रेस ते नुसती ऐकतात. त्या रेसची जुनी नोंद आत्ता काढून पाहिली. उड्यांच्या रकान्यात काही विशेष नाही, शून्याच्या आसपास. आणि खाली माझ्याच अक्षरात: 'कळलं नाही, पुन्हा बघणे.' चार वर्षं पुन्हा बघितलं नाही.

म्हणून बदल. ट्रायल्स डेच्या चेसना मार्कफरक लावणार, हर्डलना 'चढ' नावाचा नवा रकाना: शेवटच्या हर्डलपासून पोस्टपर्यंत कोण किती लेंग्थ कमावतो, फक्त न्यू कोर्सच्या जुन्या रेसमधून. रीप्लेचा प्लेअर फ्रेमफ्रेमने पुढे जात नाही, म्हणून मी फोनवर स्लो मोशनमध्ये स्क्रीनच शूट करतो. दिसायला गबाळं, पण काम होतं. कुणाकडे याहून बरी युक्ती असेल तर सांगा. आणि कुणी चेल्टनहॅमच्या स्ट्रेटचा कोन आधीच मोजला असेल तर तोही, म्हणजे माझं टेबल रात्रीच्या जेवणाला मोकळं होईल.

कन्येला फराळाची नावं संपल्याचं कळलंय. डिक्लेरेशन (धावणाऱ्या घोड्यांची पक्की यादी) आलं की यावेळी लोणच्यांपासून सुरुवात.