पुणे ते सोलापूर: चार टोलनाकी, चार पुरचुंड्या

आप्पांचा फोन ठरलेला. हडपसर मागे पडतं न पडतं तोच, "कुठवर आलाव?" पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर. वाटेत फारसं न थांबता गेलं तर पाचेक तासांत माणूस घरी. पण मागच्या सीटवर अडीच वर्षांची लेक आणि तिच्याहून वर्षभरानं मोठा भाचा असला की हिशेब बदलतो. यंदा संक्रांतीला, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला माहेरी गेले तेव्हा सात तास लागले. आणि आजवरच्या माझ्या सगळ्या फेऱ्यांत ही फेरी सगळ्यात सुखाची झाली.

दिवाळीतली फेरी आठवली तरी पोटात कालवतं. लेक रडायला लागली म्हणून मोबाइल हातात दिला, भाच्यानंही मान वळवून त्यात डोळे घातले. इंदापूर यायच्या आत दोघंही ओकली. नंतर त्यामागचं कारण नीट समजून घेतलं. गाडी हलते हे कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळत असतं, पण पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गाडी सहसा लागत नाही, त्यानंतर मात्र हा त्रास सुरू होतो. आमची दोघं नेमकी त्या वयात आली होती आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. या वेळी मोबाइल माझ्या पर्समध्ये, आणि पर्स पुढच्या सीटखाली.

मग करायचं काय? या रस्त्यावर पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर अशी चार टोलनाकी लागतात. मी चार सोलापुरी नॅपकिन घेतले, प्रत्येकात काहीबाही ठेवलं आणि गाठ मारून चार पुरचुंड्या केल्या. नाकं आलं की एक पुरचुंडी. नाक्यावरचा आडवा दांडा वर गेला की दोघं ओरडायची, "उघडलं!" आणि मी पुरचुंडी पुढे करायची.

आत काय घालायचं यावर मी आठवडाभर विचार केला होता. पण खरा खेळ निघाला तो गाठीचा. आमच्याकडचे टर्किश नॅपकिन जाड आणि खरबरीत, त्यामुळे गाठ घट्ट बसते पण लहान बोटांना धरायला सापडते. लेकीनं पहिली गाठ सोडवायला पाटसपासून कुरकुंभपर्यंतचा वेळ घेतला. जीभ बाहेर, भुवया आवळलेल्या, तोंडातून एक शब्द नाही. आत निघाली कापडी चेंडू आणि फडक्याची बाहुली. त्यांच्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि नॅपकिन माझ्या हातात दिला, "पुन्ना बांद." पुढचे वीस मिनिटं मी बांधत होते, ती सोडत होती. भाच्याला मात्र आतली वस्तूच हवी होती. त्याला खिडकीच्या काचेवर लावून काढता येणारी चित्रं दिली, ती त्यानं माझ्या गालावर, हातावर, चष्म्यावर लावली.

पुरचुंडीत कडक, जड असं काही ठेवू नये. करकचून ब्रेक लागला की हातातली वस्तू कुठे उडेल सांगता येत नाही. मणी, बटणं, नाणी नकोत, लांब दोरीही नको. आणि आप्पा कितीही प्रेमानं शेंगांची पिशवी भरून देवोत, ती डिकीत जायला हवी. शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. चार-पाच वर्षांची होईपर्यंत अख्खे दाणे नकोतच, आणि चालत्या गाडीत तर मुळीच नकोत. आम्ही खाणं गाडी थांबवूनच केलं. भिगवणच्या अलीकडे एका झाडाखाली चादर अंथरली आणि मऊ थालीपीठ, केळं असं खाल्लं. दोघं अर्धा तास नुसती चादरीभोवती पळत होती. तो अर्धा तास पुढे तासभर पुरला.

एका गोष्टीवर मात्र मी हटून बसते. दोघांची वेगवेगळी आसनं, दोन्ही मागच्या सीटवर, पट्टे लावलेले. आईचं फोनवर चालूच होतं, "लेकरू रडायलंय, मांडीवर घे की गं." घेतलं नाही. गाडी आदळली तर दहा-बारा किलोचं लेकरू कुणाच्याही हातांना धरवत नाही, आईच्या हातांनाही नाही. रडणं थांबेना तेव्हा नवऱ्यानं गाडी पेट्रोल पंपावर आत घेतली, मी लेकीला खाली उतरवलं, कडेवर फिरवलं, शांत झाल्यावर पुन्हा बसवलं. दहा मिनिटं गेली. गेली तर गेली.

भिगवणपाशीच मला या प्रवासातली सगळ्यात मोलाची गोष्ट कळली. आपण मुलांना सतत म्हणतो, "ते बघ, ते बघ!" आणि ती मान वळवेपर्यंत ते मागे गेलेलं असतं. लेक प्रत्येक वेळी माझ्या बोटाकडेच बघायची. म्हणून मी बोट दाखवणं बंद केलं आणि तिची नजर कुठे टिकते ते बघायला लागले. टिकत होती ती रेंगाळणाऱ्या गोष्टींवर. रुळावरून आमच्या बाजूनं चाललेली मालगाडी. दोन-दोन ट्रॉल्या ओढत डुलत जाणारा उसाचा ट्रॅक्टर. गाळपाचा हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे ट्रॅक्टरांना तोटा नव्हता. एकाला ओलांडायच्या ऐवजी नवऱ्यानं मुद्दाम वेग कमी केला, आणि मागे राहून आम्ही चौघांनी त्या उसाची हलणारी पानं मन भरून पाहिली. भाचा म्हणाला, "मावशी, उसाला शेपट्या आहेत."

कुंभारगावला वळून रोहित पक्षी दाखवायचा बेत होता, तो सोडला. होडीत तास-दीड तास बसवणं या वयाला जमायचं नाही. दोन वर्षांनी जाऊ. त्याऐवजी पाण्याच्या कडेला उभे बगळे पाहिले, तेही भरपूर वेळ उभे असतात.

इंदापूरच्या पुढे भीमेवरचा पूल लागतो. उजनीचं धरण इथून जवळच, ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावणारं. आमच्या सोलापूरच्या नळाला हेच पाणी. मी लेकीला म्हटलं, "आप्पांच्या घरचं पाणी बघ." ती पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली आणि पूल संपल्यावर विचारलं, "आप्पा कुटंय?"

टेंभुर्णीनंतर दोघं झोपली. वरवड्याची पुरचुंडी तशीच राहिली, आणि मला त्याचा आनंद झाला.

जाग आली तेव्हा मोहोळ मागे गेलं होतं आणि दोन्ही अंगांना ज्वारी होती, कणसांनी वाकलेली. झोपेतून उठलेलं मूल लगेच खेळवायला जाऊ नये असं मला वाटतं. आम्ही गप्प राहिलो. काच थोडी खाली केली, वारा आत आला. सावळेश्वरचं नाकं आलं तसं लेकीनं आपणहून हात पुढे केला. दोन पुरचुंड्या एकदम मिळाल्या.

अंधार पडता पडता घरी पोचलो. बहीण आधीच येऊन बसली होती, भाचा थेट तिच्या कुशीत. आप्पा दारातच उभे. "रडली का गाडीत?" "दोनदा." "मग काय, लई शहाणी की."

दुसऱ्या दिवशी सिद्धरामेश्वरांच्या सात नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गेलो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते नंदीध्वज, म्हणजे उंच, जड मानाच्या काठ्या, पेलत संथ पावलांनी पुढे सरकत होती. गर्दी, हलग्या, जयघोष. मला भीती होती की लेक घाबरेल. आप्पांच्या खांद्यावर बसून तिनं पहिला नंदीध्वज समोरून जाईपर्यंत पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. सातही पाहिले, हूं की चूं न करता. हातात कालचा नॅपकिन होता, आणि त्याला आप्पांनी मारून दिलेली गाठ.