जास्वंदीवरचा मिलीबग: अखेर मुंग्यांची वाट सापडली

मंडळी, आज सकाळी सात नंबरच्या कुंडीत क्रिप्टोची, म्हणजे मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची, अळी दिसली. एक नाही, तीन! गणपतीपासून ज्या क्षणाची वाट बघत होतो तो आज आला, म्हणून लगेच लिहायला बसलो.

मागचं थोडक्यात. मागच्या टेबलावरच्या चौदा कलमी जास्वंदींना गुलाबी मिलीबग (झाडाचा रस शोषणारी, अंगावर पांढरं मेण असलेली कीड, पिठ्या ढेकूण) लागला होता. शेंडे मुडपून त्यांचे गोळे झालेले, आणि कीड अंगठ्याखाली चिरडली की लालसर पाणी सुटतं, म्हणजे शंका नकोच. (पाठीवर काळे डाग असलेला तो कपाशीवरचा मिलीबग. तो पुढच्या टेबलावर थोडा आहे, त्याचं नंतर बघू.) क्रिप्टोलेमसचे पन्नास भुंगेरे सोडले, काही झालं नाही, आणि मी पुरवठादाराला बोल लावला. तो आज जाहीरपणे मागे घेतो. त्याचा माल उत्तम होता. भुंगेरे सोडायच्या तीन आठवडे आधी मी बुप्रोफेझिन हे कीटकनाशक मारलं होतं. त्याने मोठा भुंगेरा मरत नाही, पण अळीला कात टाकता येत नाही. म्हणून भुंगेरे हिंडताना दिसायचे आणि त्यांची पिल्लावळ कुठेच नाही.

दुसऱ्या खेपेला सगळी काळजी घेतली. फवारणी पूर्ण बंद. आधी दोन दिवस पितळी नोझलच्या जुन्या हातपंपाने पाण्याचा जोरदार फवारा मारून कीड निम्मी केली. (बॅटरी पंप घेऊन पस्तावलेले इथे बरेच आहेत. माझंही मत तेच, शेंड्याच्या बेचक्यातला मिलीबग त्याच्या धारेने हलत नाही.) पिवळे चिकट सापळेही उतरवले. मिलीबगची मादी उडतच नाही, तेव्हा तिच्यासाठी त्यांचा उपयोग नाही, आणि आपलेच भुंगेरे मात्र त्यावर जाऊन चिकटतात. संध्याकाळी उन्हं गेल्यावर भुंगेरे सोडले. चौथ्या दिवशी निम्मे गायब.

मग भिंग घेऊन बसलो. भुंगेरा जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट, डोकं आणि शेपटाकडची बाजू नारिंगी. कापसासारख्या अंड्यांच्या पुंजक्यात त्याने तोंड खुपसलं होतं. तेवढ्यात एक काळी मुंगी आली, त्याच्या मागच्या पायाला डसली आणि ओढू लागली. दुसरी आली. भुंगेऱ्याने पाय आखडले आणि तो टपकन खाली मातीत पडला. अर्ध्या तासात हे चार वेळा पाहिलं. मिलीबगचा गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो, त्यामुळे त्याची त्या राखण करतात, हे वाचून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिल्यावर मात्र पटलं की मुंग्या तुटल्याशिवाय भुंगेऱ्यांवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

आमच्या आजीच्या घरी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे. तेच केलं. टेबलाच्या पायांखाली स्टीलच्या वाट्या ठेवल्या, पण त्यांत साबणाचं पाणी, नुसतं नाही. डेंग्यूच्या दिवसांत गच्चीवर साधं पाणी साठवायची माझी हिंमत नाही. भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या. दोन दिवस मुंग्या कमी झाल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच! वाट्या तपासल्या, पाणी भरलेलं. पूल कुठेच दिसेना. आठ दिवस अक्षरशः डोकं फिरलं होतं.

बारा दिवसांपूर्वी रात्री दहाला बॅटरी घेऊन गेलो तेव्हा उलगडा झाला. भिंतीवरच्या हुकातून टेबलावर येणारी सोळा एमएमची ड्रिपची नळी. तिच्या पोटाखालून, वरून दिसणारच नाही अशी, दुहेरी रांग चालली होती. जाणाऱ्यांची पोटं सपाट, परतणाऱ्यांची टम्म फुगून पारदर्शक झालेली. नळीला कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर बोटभर रुंद ग्रीसचा पट्टा दिला. ग्रीस थेट नळीला किंवा खोडाला लावू नका. शिवाय शंभर मिली साखरपाण्यात एक ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) घालून बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा भिजवून वाटेत ठेवला. टाकणखार यापेक्षा जास्त घालायचा मोह टाळा. मुंगी जागेवरच मेली तर ते वारुळात पोचत नाही.

तिसऱ्या दिवशी टेबल स्वच्छ. दुसऱ्या खेपेतले जे थोडे भुंगेरे तगले होते, त्यांचीच ही आजची पोरं. अळी पांढरी, अंगभर मेणाच्या लांब झालरी, लांबून बघाल तर मोठा मिलीबगच वाटेल. काडीने डिवचलं की मात्र तुरुतुरु पळते. घरच्यांना दाखवून ठेवा, नाहीतर कोणीतरी प्रेमाने ब्रशने पुसून टाकेल.

आता तिसरी खेप मागवणार होतो, पण लिहितालिहिताच वाटतंय की ते पैसे वाचवावेत. प्रयोगशाळांमध्ये हा भुंगेरा लाल भोपळ्यावर मिलीबग वाढवून त्यावरच पोसतात. 1898 साली ऑस्ट्रेलियातून तो आपल्याकडे आणला तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी, तिथे फारसा चालला नाही, पण मिलीबगवर छान रुळला. मग माझ्या गच्चीवर का नाही? देठासकट, जखम नसलेला एक भोपळा, जाळीची पेटी आणि छाटलेल्या शेंड्यांवरचा मिलीबग, एवढंच लागेल. पेटीचे पायही अर्थात वाट्यांत. जागा मात्र घरातली शोधायला हवी, कारण ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवरचं पॉलिहाऊस दुपारी अडतीस अंशांवर गेलं होतं आणि एवढ्या उन्हात भुंगेरे खाणं थांबवतात.

कुणी भोपळ्यावर वाढवलेत का? देठाजवळ सड लागते असं ऐकलंय. मेण लावून जखमा बुजवतात, ते आधी लावायचं की मिलीबग सोडल्यावर, तेवढं सांगा. भोपळा उद्या सकाळी मंडईतून आणतोय.