फवारणीच्या वहीतला आकडा

नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगली जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या तिमाही अंदाजाचा मसुदा तयार झाला, तेव्हा तासगाव तालुक्याचा आकडा वर गेलेला होता आणि तो मलाच पटत नव्हता. ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर येऊन गेला होता. ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' ही चक्रीवादळे आली आणि पाऊस हटेना. एवढे होऊनही वाढ कशी दिसते, हे पाहण्यासाठी मी तासगावकडच्या एका द्राक्षबागेत गेलो.

जिल्हा उत्पन्नाचे अधिकृत आकडे वर्षातून एकदाच आणि बऱ्याच उशिरा हाती येतात; त्यातही उद्योग व सेवांचा मोठा हिस्सा राज्याच्या एकूण आकड्यातून निर्देशकांच्या प्रमाणात जिल्ह्यांना वाटून दिलेला असतो. म्हणून चालू तिमाहीसाठी आम्ही डिझेलची विक्री, कृषी सेवा केंद्रांची उलाढाल, शेतीसाठी उचललेली कर्जे आणि बाजार समितीतील आवक यांवरून अंदाज बांधतो. ही सांगड बसवण्यात माझी तीन वर्षे गेली होती. ऊस आणि हळदीच्या बाबतीत तिने चांगली साथ दिली होती आणि तिचा मला आजही अभिमान आहे.

बागेच्या मालकांनी सप्टेंबरमध्येच गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, घेतली होती. ऐन फुलोऱ्यात पाऊस लागून राहिल्याने डाऊनी हा बुरशीचा रोग आला, घड कुजले आणि उरलेल्यांची गळ झाली. मांडवावर पाने मात्र हिरवीगार होती. "बाग हाय साहेब, माल न्हाई," एवढेच बोलून त्यांनी फवारणीची वही माझ्यापुढे ठेवली. निर्यातीचा माल करणारे बागायतदार प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि मात्रा लिहून ठेवतात. पाऊस उघडला की फवारणी, पुन्हा सर आली की धुऊन गेलेले औषध परत मारायचे, असे चालले होते. काही तारखांना सकाळी आणि संध्याकाळी असा दोनदा ब्लोअर फिरला होता. प्रत्येक फेरीला ट्रॅक्टरचे डिझेल लागले, औषध दुकानातून उधारीवर आले आणि ती उधारी फेडण्यासाठी घरातले सोने तारण ठेवून शेतीकर्ज काढले गेले. माझे तीन निर्देशक त्या पानांवर एकाखाली एक लिहिलेले होते.

उत्पन्नाच्या हिशेबात औषध आणि डिझेल हा निविष्टांचा खर्च असतो आणि तो उत्पादनाच्या मूल्यातून वजा होतो. एरवी जास्त खर्च आणि जास्त पीक बरोबरीने येतात, म्हणून आमच्या गणितात तो वाढीची खूण ठरला होता. वेल दरवर्षी नव्याने लावली जात नसल्यामुळे पीकपाहणीतले द्राक्षाचे क्षेत्रही जिथल्या तिथेच होते.

पुढचे दोन दिवस मी आसपासच्या गावांतल्या वह्या पाहिल्या आणि द्राक्षपट्ट्यासाठी ते तिन्ही निर्देशक वगळले. एका बागेवरून गुणक, म्हणजे कोणत्या निर्देशकाला किती वजन द्यायचे ते आकडे, बदलता येत नाहीत, असे ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे होते. तत्त्व म्हणून ते योग्यच आहे, परंतु दुसरी बाग पाहायला त्यांच्यापैकी कोणी आले नाही, हे मला तेव्हा खटकले आणि अजूनही खटकते. ज्या वित्तसंस्थेसाठी हे काम होते, तिने सुधारित तक्ता स्वीकारला, मात्र त्याखालचे माझे स्पष्टीकरण गाळून टाकले. त्यामुळे तो वाचणाऱ्याला आकडा का उतरला हे कळण्याचा मार्गच राहिला नाही.

पुढच्या हंगामापासून मी विक्रीच्या आकड्यांशेजारी फुलोऱ्याच्या काळातले पावसाचे दिवस मांडू लागलो. दोन्ही एकदम वाढले की विक्री वाढीच्या बाजूला धरत नाही. पण फुलोरा कोणत्या आठवड्यात येणार हे छाटणीच्या तारखेवर ठरते, ती प्रत्येक गावात वेगळी असते आणि माझ्याकडे येणाऱ्या कोणत्याही तक्त्यात ती नसते. ती विचारण्यासाठी सप्टेंबर उजाडला की मी तासगाव, पलूस आणि कवठेमहांकाळकडे निघतो.