श्वासाची जागा

माझ्या फोनमध्ये एक जुनं ध्वनिमुद्रण आहे. अंतऱ्याच्या तोंडाशी गायिका श्वास घेते, तो चक्क ऐकू येतो. छोटासा, जरा अडखळलेला. मग वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, ती केसभर उशिरा पोचते आणि माझ्या अंगावर काटा येतो. मागे जाऊन पुन्हा ऐकलं तरी येतो. पुढे त्याच गाण्यात ताना आहेत, अशा की ज्याचं नाव ते! त्यांना मी मान डोलावतो, 'वा' म्हणतो, आणि मनातल्या मनात वेग मोजत बसतो. काटा मात्र नाही.

म्हणून काही 'भाव असला की सूर इकडेतिकडे झाला तरी चालतो' असं मी म्हणणार नाही. असं म्हणणारे बहुधा स्वतःच गात असतात. षड्ज नेमका तेवढाच लांबवायचा, तर त्यामागे वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. फक्त तानेत तो रियाज समोर येऊन उभा राहतो, इथे तो बाजूला सरकतो आणि आपण त्या सुराची वाट पाहायला लागतो.

क्षयाने कुमार गंधर्वांचं एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंदच होतं. नंतरचं त्यांचं गाणं ऐका. छोटे छोटे तुकडे, झपकन आलेला सूर, मध्येच शांतता. ती शांतता ऐकताना दम आपलाच अडकतो.

मॉन्ट्रिअलच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की आवडत्या संगीतातली ती जागा येण्याआधीच, नुसत्या चाहुलीने, मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन पाझरायला लागतं. समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, डोळे लावून बसणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. त्याच शहरातला २००१ चा प्रयोग मला जास्त आवडतो. त्यात प्रत्येकाने काटा आणणारं आपापलं संगीत आणलं होतं. एकाचं दुसऱ्याला ऐकवलं, तर त्याला त्याचं विशेष काही नाही.

हल्ली सॉफ्टवेअरने सूर ओढून जागेवर बसवतात, श्वास पुसून टाकतात. गाणं स्वच्छ होतं खरं, पण ही बाई श्वास घेते तरी कधी, या काळजीने माझं लक्ष उडतं.

परवा एका मित्राच्या कानात इअरफोन खुपसून मी ती जागा ऐकवली. "आता… आता ऐक हं," म्हणत मीच श्वास रोखून बसलो. तो निमूटपणे ऐकत होता. ताना सुरू झाल्या तशी त्याने मान डोलावली, "काय तयारी आहे रे!" म्हणाला.

"आणि त्याच्या आधी?"

"आधी कुठे काय होतं?"