भर दुपारी घेतलेली चाचणी: छतावरच्या लेझर लिंकचा माझा अनुभव

महापे एमआयडीसीतली आमची जुनी इमारत आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे, कोपरखैरणेच्या बाजूला घेतलेली नवी जागा. दोन्हींत सरळ रेषेत अंतर जेमतेम 1.2 किलोमीटर. पण फायबर टाकायची तर मध्ये हमरस्ता, रेल्वेचे रूळ आणि दरेकाची वेगळी परवानगी. त्यात पावसाळा तोंडावर आला की रस्ता खोदायला कुणी देत नाही. माणसं तर नव्या जागेत बसायलाही लागली होती. म्हणून छतावरून छतावर लेझरने डेटा पाठवणारी लिंक घ्यायचं ठरलं आणि ती ताब्यात घेण्याआधीची तपासणी माझ्याकडे आली. नेटवर्कमध्ये बरीच वर्षं काढलीत, पण प्रकाश काचेतून न जाता उघड्या हवेतून जाणार, हे माझ्यासाठी नवं होतं.

तशी कल्पना जुनी आहे. ग्रॅहॅम बेलने 1880 मध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवून दाखवला होता, त्या यंत्राला तो फोटोफोन म्हणायचा. आमच्या यंत्रात 1550 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर होता. ही तरंगलांबी डोळ्याच्या पुढच्या भागातच शोषली जाते, पडद्यापर्यंत पोचत नाही, म्हणून जरा जास्त पॉवर वापरता येते. झोत 2 मिलीरेडियन, म्हणजे दर किलोमीटरला 2 मीटर, पसरणारा; समोरच्या छतावर पोचेपर्यंत त्याचा व्यास सुमारे 2.4 मीटर होतो. त्यातला भिंगात मावेल तेवढाच प्रकाश कामाचा.

पुरवठादाराच्या माणसांनी यंत्रं बसवली, एकमेकांसमोर नीट लावली आणि सकाळी सातच्या सुमारास चाचणी घेतली. ऊन चढायच्या आत छतावरचं काम उरकावं, हे कुणालाही पटेल. निकाल चोख आला, एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा एकही तुकडा, गळला नाही. सहीसाठी कागद पुढे आला. मी सही केली नाही. एप्रिलचा महिना होता आणि मला हीच लिंक दुपारी एकला बघायची होती.

दुपारी जे दिसलं ते आधी डोळ्यांनी दिसलं. यंत्र लावायची दुर्बीण तशीच जोडलेली होती. तिच्यातून समोरच्या छताकडे पाहिलं तर पलीकडच्या यंत्राची चौकट सरळ राहतच नव्हती. कडा वितळल्यासारख्या वळत होत्या, भिंगाचा काळा गोल मध्येच लांबट व्हायचा, मध्येच दोन तुकड्यांत फाटायचा. मेंटेनन्सचे काका शेजारीच उभे होते. म्हणाले, “मॅडम, मधल्या शेडचे पत्रे तापले की असंच दिसतं. संध्याकाळी या, सगळं जागच्या जागी असतं.” काकांनी एका वाक्यात अर्धा विषय सांगून टाकला होता.

तापलेल्या पत्र्यावरून, डांबरावरून गरम हवा उठते आणि वरच्या थंड हवेत मिसळते. हवेचं तापमान एका अंशाने बदललं की तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचं माप, जवळपास दहा लाखांत एका भागाने बदलतो. ऐकायला नगण्य वाटतं. पण झोताच्या वाटेत असे लहानमोठे असंख्य भोवरे असतात आणि प्रत्येक जण प्रकाशाला किंचित वळवतो. काही मिलिमीटरच्या भोवऱ्यांपासून कित्येक मीटरच्या भोवऱ्यांपर्यंत सगळे एकाच वेळी कामाला लागलेले. मोठे भोवरे अख्खा झोतच हलवतात, छोटे त्याच्या आत उजेड-अंधाराचे ठिपके पाडतात. तारे लुकलुकतात तेही याच कारणाने. या लुकलुकण्याला आमच्या क्षेत्रात सिंटिलेशन म्हणतात. भोवऱ्यांची ऊर्जा मोठ्याकडून छोट्याकडे कशी उतरत जाते, याचं गणित रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी 1941 मध्ये मांडलं. लेझर लिंकचा सगळा हिशेब आजही त्याच पायावर उभा आहे.

पुरवठादाराच्या इंजिनिअरचं म्हणणं होतं की स्क्रीनवर पॉवर व्यवस्थित दिसते आहे. दिसत होतीच, कारण तो स्क्रीन सेकंदाची सरासरी दाखवतो. सकाळची सरासरी आणि दुपारची सरासरी जवळपास सारखी. मी यंत्राच्या मॉनिटर पिनवर, जिथे मिळालेली पॉवर थेट मोजता येते, डेटा लॉगर लावला आणि सेकंदाला दहा हजार नमुने घेतले. तेव्हा चित्र उलगडलं. सकाळची रेषा सपाट, बारीक थरथर असलेली. दुपारची रेषा उंच सुळके आणि खोल दऱ्या असलेली. दरी फार तर काही मिलिसेकंदांची. पण 1 गिगाबिटच्या लिंकवर 10 मिलिसेकंद म्हणजे एक कोटी बिट. टीसीपीला, म्हणजे डेटा नीट पोचला का ते बघून वेग ठरवणाऱ्या नियमावलीला, ही गळती हवेमुळे झाली हे कळत नाही. त्याला वाटतं रस्त्यात गर्दी आहे, म्हणून ते आपणच वेग कमी करतं. लिंक ‘अप’, पॉवर ‘ओके’, आणि नव्या जागेतली माणसं मात्र व्हिडिओ कॉल अडकतोय म्हणून वैतागलेली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे त्या आलेखाशिवाय मला कुणाला पटवून देता आलं नसतं.

मग हिशेबाला बसले. हवेची अशांतता सी-एन-स्क्वेअर या आकड्याने मोजतात. तो 10 चा उणे 14 वा घात इतका धरला तर 1.2 किलोमीटरवर, 1550 नॅनोमीटरला, चढउताराचा निर्देशांक, ज्याला रायटोव्ह व्हेरिअन्स म्हणतात, 0.28 च्या आसपास येतो. एकच्या बराच खाली, म्हणजे सांभाळता येण्यासारखा. पण भर उन्हात तापलेल्या छतालगत तो आकडा दहापट होऊ शकतो, मग उत्तर येतं 2.8. तिथे साधी सूत्रं तोकडी पडतात, चढउताराची शक्यता मांडायला लॉग-नॉर्मल सोडून गॅमा-गॅमा हे संख्याशास्त्रातलं वितरण वापरावं लागतं आणि नुसती पॉवर वाढवून फारसं काही हाती लागत नाही. अंतराचा फटकाही सरळ नाही. अंतर दुप्पट झालं तर निर्देशांक साडेतीनपट वाढतो. आणि 850 नॅनोमीटरचं स्वस्त यंत्र घेतलं असतं तर हाच आकडा दुप्पट आला असता. त्या बाबतीत आमची खरेदी योग्य होती, हे मी अहवालात आवर्जून लिहिलं.

उपायांत सगळ्यात जास्त फरक पडला तो यंत्राची जागा बदलल्याने. महापेच्या छतावर यंत्र मधोमध बसवलं होतं. झोत आधी आमच्याच स्लॅबवरून आणि एसीच्या आउटडोअर युनिटांच्या गरम फुफाट्यावरून जात होता. म्हणजे निघता निघताच त्याची घडी विस्कटत होती. ते यंत्र कठड्याच्या कडेला आणलं आणि दोन्हीकडे खांब उंच केले. दिवसा उंचीबरोबर सी-एन-स्क्वेअर झपाट्याने उतरतो, तापलेल्या पृष्ठभागापासूनची उंची दुप्पट केली तर साधारण अडीचपट कमी होतो. लोखंडी खांब आणि वेल्डिंग एवढाच खर्च. अट एकच, खांब वाऱ्यात डोलता कामा नये. म्हणून तिन्ही बाजूंनी ताण द्यायला लावला.

दुसरा बदल भिंगाचा. या अंतरावर ठिपक्यांचा आकार काही सेंटीमीटर असतो, आमच्या हिशेबाने चारच्या जरा वर. घेणारं भिंग त्याहून चांगलं मोठं असेल तर उजेडाचे आणि अंधाराचे ठिपके एकत्र गोळा होतात आणि चढउतार आपोआप दबतो. आम्ही मोठ्या भिंगाचं आणि चार वेगवेगळ्या ठिकाणांहून झोत सोडणारं मॉडेल बदलून घेतलं. पुरवठादाराने आधी खळखळ केली, पण आलेख समोर ठेवल्यावर बदलून दिलं. त्याच्यात इंटरलीव्हिंगसह चुका दुरुस्त करणारं कोडिंगही होतं, म्हणजे एका दरीत गेलेले बिट लांबलांबच्या पॅकेटांत विखुरले जातात आणि भरून काढता येतात. त्यासाठी थोडा विलंब सोसावा लागतो. आम्हाला तो चालणार होता.

पाऊस आणि धुकं हा वेगळा प्रश्न आहे आणि लोक त्याची हवेच्या अशांततेशी गल्लत करतात. पावसात प्रकाश सलग क्षीण होतो, किलोमीटरला साधारण काही डीबी (डेसिबल; दर दहा डीबीला पॉवर दहापट घटते), धोधो कोसळला तर दहाच्या वर. त्याला मार्जिन, म्हणजे गरजेपेक्षा जास्तीची पॉवर, ठेवता येतं. दाट धुक्यात मात्र दृश्यमानता 200 मीटरवर आली की किलोमीटरला साठ-सत्तर डीबीच्या वर नुकसान होतं, तिथे कुठलंच मार्जिन पुरत नाही. नवी मुंबईत तसं धुकं क्वचित पडतं, तरी जोडीला रेडिओ लिंक ठेवली. रेडिओवर जाणं लगेच, पण परत लेझरवर येणं सिग्नल काही काळ स्थिर राहिल्यावरच, असं सेटिंग केलं. नाहीतर दुपारभर डेटाचा ट्रॅफिक इकडून तिकडे उड्या मारत बसतो.

फेरचाचणी मे महिन्यात घेतली. दुपारी बारा ते तीन सलग, आणि तुलनेसाठी संध्याकाळी सहाला. सूर्योदयानंतर थोड्या वेळाने आणि सूर्यास्ताआधी जमीन आणि हवा यांचं तापमान जुळतं, तेव्हा हवा सगळ्यात शांत असते. पहिली चाचणी नेमकी तशा वेळी झाली होती. या वेळी दुपारच्या आलेखात दऱ्या होत्या, पण उथळ, आणि कोडिंगने त्या भरून काढल्या. व्हिडिओ कॉल अडकला नाही. मी सही केली.

पावसाळ्यानंतर फायबरची परवानगी आली, फायबरही पडली. लेझर लिंक आम्ही काढली नाही, दुसरा मार्ग म्हणून ठेवली आहे. रस्त्यावर जेसीबीने केबल तोडली की डेटाचा ट्रॅफिक लेझरवर जातो. आमच्या खरेदीच्या कागदात आता हवेतल्या ऑप्टिकल लिंकसाठी दोन अटी छापील आहेत. स्वीकृती चाचणी मार्च ते मे दरम्यान स्वच्छ उन्हात, दुपारी बारा ते तीन या वेळेतच व्हावी. आणि सोबत मिळालेल्या पॉवरचे सेकंदाला किमान एक हजार नमुने असलेली फाइल द्यावी, नुसती सरासरी स्वीकारली जाणार नाही.