केस ओले करण्याआधी एकदा बघा तरी!

खांद्याच्या जरा खाली येणारे, मोकळे सोडले तरी आटोक्यात राहणारे, चेहऱ्याला खरोखर शोभणारे केस आता माझे आहेत आणि मला ते फार आवडतात. पण तिथवर पोचताना पणजीतल्या एका सलूनमध्ये जो मनस्ताप झाला, तो अजून डोक्यातून जात नाही. ज्यांचे केस माझ्यासारखे वेव्ही आहेत आणि ज्या पहिल्यांदाच मोठा कट करायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

माझे केस कमरेपर्यंत होते, आणि दाट. फोंडा ते पणजी रोज स्कूटरने जाणं-येणं. जून ते सप्टेंबर सकाळी न्हाल्यावर ते वाळायचेच नाहीत. तसेच बांधायचे, वर हेल्मेट घालायचं, आणि ऑफिसात पोचले तरी मुळांशी ओल आणि कुबट वास. त्यामुळे कापायचे हे ठरायला वेळ लागला नाही. कुठला कट, हेही घरी आरशासमोर बरंचसं सुटलं. केस घट्ट मागे बांधून शिवणाच्या टेपने कपाळ, गालाची हाडं, जबडा आणि कपाळापासून हनुवटीपर्यंतची लांबी मोजली. लांबी-रुंदी जवळपास सारखी, जबडा गोलसर, म्हणजे गोल चेहरा. अशा चेहऱ्याला हनुवटीशी संपणारा सरळ बॉब गाल आणखी रुंद दाखवतो. हनुवटीच्या खाली उतरणारी लांबी, पुढून तिरके लेयर्स आणि जरा बाजूला पाडलेला भांग यांनी चेहरा लांबट दिसतो. पेन्सिल-फूटपट्टीची युक्तीही करून बघितली: हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीखाली फूटपट्टी उभी, आणि पाळी ते पेन्सिल अंतर सव्वादोन इंचांहून कमी असेल तर आखूड केस शोभतात म्हणे. माझं कमी आलं. पण त्या फूटपट्टीला केसांचा पोत कळत नाही आणि गोव्यातली हवा तर मुळीच नाही, म्हणून तिचं मी ऐकलं नाही.

आईची एकच अट होती: चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फाती (आमच्याकडचा फुलांचा गजरा) माळता आली पाहिजे. मलाही ती पटली. अबोलीची फाती पिनेने धरून ठेवण्याइतकी लांबी मागे हवीच.

इतकं सगळं ठरवून मी त्या सलूनची अपॉइंटमेंट घेतली. वेळ टळून गेली तरी बसवून ठेवलं. शेवटी नाव पुकारलं, आणि मी नीट उठायच्या आत एक मुलगा टॉवेल घेऊन पुढे आला.

"मॅडम, आधी वॉश."

मी म्हटलं, "वॉश नंतर. जे कापणार आहेत त्यांनी आधी केस सुके बघू देत. केस वेव्ही आहेत, पुढे कपाळाशी भोवरा आहे. ओले केल्यावर त्यातलं काही दिसणार नाही."

"सर बघतील मॅडम. आमच्याकडे आधी वॉशच असतो."

मी पुन्हा सांगितलं. त्याने काउंटरकडे बघितलं, काउंटरवरच्या बाईने मान हलवली, आणि मला बेसिनकडेच नेलं. कट करणारा आला तेव्हा माझे केस डोक्याला चिकटलेले होते. माझे मोकळे केस त्या माणसाने एकदाही पाहिले नव्हते. मी फोनमधला फोटो दाखवला, भोवऱ्याची जागा बोटाने दाखवली, आणि पुढचे केस सुकल्यावर हनुवटीच्या खाली यायला हवेत हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत होता आणि त्याचं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे होतं.

मग त्याने पुढची बट घेतली. बारीक दातांच्या कंगव्याने ती इतकी विंचरली की तिच्यातला सगळा बाक गेला. दोन बोटांच्या कात्रीत धरून खाली ताणली, टोकाशी पाणी गोळा होऊन टपकत होतं, आणि बरोब्बर हनुवटीवर कात्री चालवली. मी म्हटलं, "अहो, हे सुकल्यावर वर जाणार!" तो म्हणाला, "ब्लो ड्राय केल्यावर बसतात." दुसऱ्या बाजूची बटही तशीच गेली.

ब्लो ड्राय झाला. आरशात दोन मिनिटं बरं दिसलं. बाहेरचं दार सारखं उघडत होतं, ती दमट हवा लागली आणि पुढच्या बटा वळत वळत गालाच्या हाडापाशी येऊन थांबल्या. भोवऱ्याजवळचा झुपका तर उभाच राहिला. जिथे चेहरा रुंद दिसायला नको होता, नेमकं तिथेच सगळं फुगलं. मी विचारलं तर उत्तर काय? "तुमचे केसच असे आहेत मॅडम. स्मूदनिंग करून घ्या, सगळं सरळ होईल." तेवढ्यात काउंटरवरची बाई दरपत्रक घेऊन हजर!

मला संताप आला तो इथे. हातात कात्री असलेल्या माणसाने केस बघायची तसदी घेतली नाही आणि दोष माझ्या केसांना दिला. वर तो घालवायचे माझ्याकडूनच पैसे. मी फक्त कटचे पैसे दिले आणि निघाले.

यात गूढ काही नाही. केस केराटिन या प्रथिनाचे असतात. पाण्याने त्यातले हायड्रोजन बंध सुटतात, सुकताना पुन्हा जुळतात. म्हणून ओला केस मऊ होतो, ताणला तर सुमारे तीस टक्क्यांपर्यंत लांबतो आणि सुकला की आपल्या मूळ वळणावर परत जातो. ब्लो ड्रायने दिलेला आकार याच बंधांवर टिकतो, आणि हवेतली वाफ तेच बंध सोडवते. पावसाळ्यात रायबंदरच्या बांधावरून स्कूटर नेली की ब्लो ड्राय संपला. गोव्यात राहणाऱ्या बाईने कट निवडताना ब्लो ड्राय धरूच नये, आपोआप सुकल्यावर जे दिसेल तेच खरं.

स्मूदनिंगबद्दल एवढंच: अशा उपचारांच्या अनेक उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड असतं, किंवा ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं आणि गरम इस्त्री फिरवताना त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये ते माणसात कर्करोग घडवणारं म्हणून वर्गीकृत केलं आहे. ज्यांना करायचं त्यांनी बाटलीवरची घटकांची यादी वाचून ठरवावं. डोळे चुरचुरणाऱ्या धुरात बसायची माझी तयारी नाही.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे गालापासून हनुवटीखाली यायला अर्ध्या वर्षाच्या वर. तोवर पुढच्या बटा पिना लावून मागे घेत होते आणि रोज आरशासमोर त्या सलूनला बोल लावत होते.

सुटका फोंड्यातच, बाजारामागच्या एका लहानशा पार्लरात झाली. तिथल्या बाईंनी पहिलं वाक्य म्हटलं, "केस सोड बघू, बाय." मग डोकं खाली घालून झटकायला लावलं, पुन्हा वर. केस कुठे आपणहून दुभंगतात ते पाहिलं, भोवरा कुठल्या दिशेला फिरतो ते बोटाने चाचपलं. हेल्मेटचं ऐकल्यावर तेसुद्धा आणायला सांगितलं आणि डोक्यावर घालून बघितलं! त्याची कड मानेवर जिथे येते, त्याच्या खाली लेयर सुरू केला, नाहीतर आखूड लेयर हेल्मेटखाली चेपून बाहेरच्या बाजूला वळतात. भांग भोवऱ्याच्या कलाने पाडला, त्याच्या उलट नाही. सगळा कट सुक्या केसांवर, थोडं थोडं, प्रत्येक वेळी बट सोडून ती कुठे येऊन थांबते ते बघत. पुढच्या बटांना त्यांनी हातच लावला नाही. "वाढू दे, मग ये, आत्ता छेडले तर आणखी बिघडतील." वाढल्यावर गेले आणि कट पूर्ण झाला. ज्या बाईंनी पैसे मिळत असूनही कापायला नकार दिला, त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला आहे.

जाण्यापूर्वी आदल्या दिवशी केस धुवा, तेल न लावता मोकळेच वाळवा. तेलकट किंवा बांधून चुरगळलेले केस बघून चांगल्या माणसालाही अंदाज येणार नाही. फोटो न्याल तर आपल्यासारख्याच पोताच्या केसांचे न्या आणि मागून-बाजूनेही न्या. त्याहून उपयोगी म्हणजे स्वतःचाच, केस छान दिसत होते त्या दिवसाचा फोटो. "दोन इंच" असं तोंडी सांगू नका. सुक्या केसांवर बोट ठेवून दाखवा, "सुकल्यावर इथे." खुर्चीतून उठण्याआधी मागे आरसा धरायला लावा आणि केस बोटांनी विस्कटून बघा. भांगाची बाजू बदलूनही बघा.

आणि सुके बघणार का, हे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारा. "आधी वॉश" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा. मात्र चवथीच्या आधीचे दोन आठवडे टाळा. तेव्हा पार्लरांत बसायला जागा नसते आणि तुमचे केस निवांत बघायला कुणालाच सवड नसते. मी आता ट्रिमिंग चवथीच्या महिनाभर आधी करून घेते, म्हणजे फातीपुरती लांबीही तयार असते.